पहिली गोळी अडते

"पाहून घ्या," वामन मिस्त्री म्हणाला. "डोये उघडे ठेवून पाहा. मंग म्हनू नका का आमी पाह्यलंच नाही."

बंदुका दुरुस्तीच्या दुकानामागच्या बंद बोळात त्याने वाळूच्या पोत्यांची भिंत रचली होती. तिच्याकडे नळी करून त्याने घोडा दाबला. टक. परत दाबला. टक. मग टक टक करत सगळ्या गोळ्या वाळूत गेल्या, आणि प्रत्येक गोळीमागे तिचं रिकामं पितळी खोकं बंदुकीच्या उजव्या अंगाने उडून फरशीवर पडलं. एकही अडकलं नाही.

मी आबांकडे पाहिलं. बंदूक इतकी छान चालली म्हणून त्यांचा चेहरा खुलायला हवा होता. तो पार उतरला होता.

"अठी चालते," ते म्हणाले. "अठी दरखेपी चालते. वावरात नेली का पहिलीच गोळी अडते."

"मंग वावर उचलून आना ना दुकानात!" मिस्त्री ओरडला. "मेरे को काय, मी तठीच सुधारतो!"

हा आमचा चौथा फेरा होता. दुखणं घेऊन दवाखान्यात जावं आणि डॉक्टरसमोर बसल्याबरोबर ते गायब व्हावं, तसं आमच्या बंदुकीचं चाललं होतं. माझा शनिवार गेला, स्कूटीचं पेट्रोल गेलं, आणि बुऱ्हानपुरात राजघाटाकडे उतरणाऱ्या मिस्त्रीच्या गल्लीत गाडी लावायला जागा शोधताना उरलासुरला संयमही गेला.

आबा म्हणजे माझे सासरे, कौतिक पाटील. आम्ही बुऱ्हानपूरजवळच्या दापोऱ्याचे. घरची केळी आहे. माझा नवरा निलेश इंदूरला नोकरी करतो, मी बुऱ्हानपूरच्या एका शाळेत चौथीला शिकवते. रोज शहरात जाणारी घरात मी एकटीच, त्यामुळे शहरात न्यायची प्रत्येक वस्तू माझ्या गळ्यात पडते. सासूबाईंच्या औषधाच्या गोळ्या मी आणायच्या, जळलेली मोटर वाइंडिंगला मी टाकायची, आणि आता ही बंदूक. गोधडीच्या खोळीत गुंडाळलेली ती लांबडी वस्तू घेऊन आबा मागे बसत आणि आम्ही शनवारा चौकातून निघालो की माझ्या वर्गातलं एखादं पोर हमखास आईला सांगे, "वो देख, पल्लवी मॅडम बंदूक लेके जा रही." सोमवारी वर्गात अभूतपूर्व शांतता असे. तेवढा एक फायदा झाला, तो मी नाकारत नाही.

बंदूक तशी लहानखुरी, पॉइंट टू टू. आबांच्या वडिलांनी ती गाव सोडून चाललेल्या एका गिरणीच्या मॅनेजरकडून घेतली होती. एकदा भरली की घोडा दाबत राहायचं, रिकामं खोकं ती स्वतः बाहेर फेकते आणि पुढची गोळी स्वतः आत घेते. आवाज मात्र फटाकड्यांइतकाही नाही. गावात तिला टिकल्यांची बंदूक म्हणत. पण पाच-सहा टकटक लागोपाठ ऐकली की डुकरं पळतात, असा आबांचा अनुभव होता. ते नेहमी बांधाच्या मातीत गोळ्या झाडत. एवढ्या वर्षांत त्यांनी एकही डुक्कर मारलं नाही आणि मारायची इच्छाही त्यांना कधी झाली नाही. पोरगं दटावून हाकलावं तसं ते डुकरांना हाकलत.

डुकरांचं म्हणाल तर एका रात्रीत ती नव्या रोपांच्या ओळीच्या ओळी उकरून ठेवतात. कंद खातात, ड्रिपच्या नळ्या फाडतात. तेव्हा राखण ही गंमत नव्हती.

कार्तिकात एका संध्याकाळी केळीच्या बागेतून एक मोठं डुक्कर थेट आबांच्या अंगावर आलं. आबांनी घोडा दाबला. नुसतं च्यक् झालं. गोळी उडालीच नाही. आबा बाजूच्या चारीत पडले, डुक्कर तसंच पुढे निघून गेलं, आणि आबांचं उजवं मनगट मोडलं. निलेश इंदूरहून धावत आला. प्लॅस्टर घातलेल्या बापासमोर उभं राहून त्याने निकाल दिला, की आता बंदूक ठाण्यात जमा करायची आणि बांधाला विजेच्या झटक्याची तार ओढायची.

"बंदुकीत खराबी हाये," आबा म्हणाले. "ती काढून घेतो. मंग?"

"लायसन्सची मुदत मार्चला संपते, आबा. तोवर सुधारली तर रिन्यू करू. पन बंदुकीत काहीच निघालं नाही, तर मग खराबी कशात आहे ते तुमीच सांगा."

म्हणजे आबांना बंदुकीत काहीतरी सापडायलाच हवं होतं. न सापडलं तर दोष त्यांच्यात, आणि मग राखण संपली. आणि राखण संपली की आबांपाशी उरणार काय? मोटर आता मी मोबाइलवरून चालू करते. मजूर ठेकेदार आणतो. भाव निलेश फोनवर ठरवतो. दुपारचा चहा पिऊन बंदूक खांद्याला अडकवायची, बांधाबांधाने फिरायचं आणि अंधार पडायच्या आत परत यायचं, एवढंच एक काम त्यांच्या हातात राहिलं होतं. ते गेलं की पारावर जाऊन बसायचं. पारावर बसणाऱ्या माणसांबद्दल आबांचं मत मी इथे लिहू शकत नाही.

आता हे सगळं मला कळत होतं. तरी खरं सांगायचं तर मलाही ती बंदूक घरात नको होती. चार फेऱ्यांनंतर तर मुळीच नको होती.

पहिल्या फेरीत मिस्त्रीने गोळ्यांना नावं ठेवली. आबा त्या डब्यात घालून गव्हाच्या कोठीत ठेवत, वर कडुनिंबाचा पाला. "गोळ्या हाये का बियानं?" असं मिस्त्रीने विचारलं. मग म्हणाला, या तर निशाणेबाजीच्या मऊ गोळ्या, यांच्या धक्क्याने ह्या बंदुकीचा गोळीमागचा दट्ट्या पुरता मागेच जायचा नाही, मग रिकामं खोकं बाहेर कसं पडणार? हिला जोरदार गोळी लागते. आम्ही जोरदार गोळ्या घेतल्या. वावरात पहिली अडली.

दुसऱ्या फेरीत त्याने नळीत, जिथे गोळी बसते त्या घरात, पितळी ब्रश घातला आणि लालसर काळा चिकट लगदा बाहेर काढला. नाकाजवळ नेऊन वास घेतला. "हे काय व्हय?" मी ते बघताक्षणी ओळखलं आणि गप्प बसले. दसऱ्याला सासूबाई शस्त्राची पूजा करतात. आमच्याकडे शस्त्र म्हणजे विळा, पावडं आणि ही बंदूक. विळ्या-पावड्याला वरून हळदकुंकू पुरतं. बंदुकीचा जीव आत असतो, असं सासूबाईंचं म्हणणं, म्हणून त्या तिळाच्या तेलात कुंकू कालवून बोट जाईल तिथवर आत लावतात. मिस्त्रीने रॉकेलमध्ये ब्रश बुडवून बुडवून ते घर लख्ख केलं आणि आम्हाला इतकं बोलला की मला माझ्या वर्गातल्या पोरांची दया आली. वावरात पहिली अडली.

तिसऱ्या फेरीत त्याने नखी बदलली. रिकाम्या खोक्याची कड पकडून ते बाहेर ओढणारी ही नखी, भाताच्या दाण्याएवढी. तिचं टोक झिजलंय असं म्हणाला. नवी स्वतः कानशीने घासून बसवली, तिची स्प्रिंगही बदलली. वावरात नेली. पहिली अडली. चाकूच्या टोकाने उकरून काढावी लागली.

आणि आता चौथा फेरा. मिस्त्री त्या न उडालेल्या गोळ्या तळहातावर घेऊन भिंगातून बघत होता. आबांनी त्या रुमालात बांधून पुराव्यासारख्या आणल्या होत्या.

"ह्या गोळीले मार कडेला लागते," तो म्हणाला. "मधात नाही. कडेला जिथी मार बसला तिथी चांगला खड्डा पाह्यजे. अन् हे पाहा, नुसता नखाचा ओरखडा. जोर गेला कुठी? स्प्रिंग तं चांगली हाये. दिमाग खराब करून टाकला राजेहो तुमी माहा." त्याने भिंग ठेवलं. "रैवारी मी येतो दापोऱ्याले. मले पाहू द्या काय तमाशा होते तठी."

परतताना गाव जवळ आल्यावर आबा मागून म्हणाले, "तुले बी असंच वाटते का व माय, का खोट माह्यातच हाये?"

"मला भूक लागली आहे, आबा," मी म्हणाले. "मला एवढंच वाटतंय."

रविवारी आमच्याकडे कटाई होती. मिस्त्री मोटरसायकलवरून आला तेव्हा बागेत मजुरांची येजा चालू होती. एक जण कोयत्याने घड उतरवी, दुसरा खांद्यावरच्या कापडाच्या घडीवर तो झेलून बांधापर्यंत आणी, आणि बांधावर केळीच्या पानांची गादी अंथरून आबा उभे. मनगट मोडल्यापासून त्यांना घड उचलायची मनाई होती. पण प्रत्येक घडाखाली हात गेल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मजुराच्या खांद्यावरून घड निघाला की आबांचे दोन्ही हात त्याच्याखाली जात आणि तो पानावर टेके तेव्हा पानसुद्धा वाजत नसे.

"आपटू नको रे उखर्डू! तुह्या बापाचं का जाते? डाग पडते ना त्याले!"

उखर्डू आपटत नव्हता. तो बिचारा तान्हं पोर ठेवावं तसा घड ठेवत होता. तरी आबा ओरडत होते. आयुष्यभर हेच ओरडले असतील. केळी कापताना सगळी सारखीच हिरवी दिसते, आपटलेल्या जागेचा डाग पिकल्यावर उमटतो आणि मग व्यापारी अख्ख्या मालाचा भाव पाडतो. आमच्या घरात भांडंसुद्धा आपटलेलं आबांना चालत नाही. लग्न होऊन आले तेव्हा मी स्टीलचे डबे जरा जोरात ठेवायची, तर ते बाहेरून म्हणत, "हयू, माय, हयू." हळूला आबा हयू म्हणतात.

मिस्त्रीला चहा पाजला, रव्याच्या गोड दराब्याची वाटी पुढे केली. ती त्याने दोन घासांत संपवली आणि म्हणाला, "चाला पाटील. भरा बंदूक. रोज भरता तशीच भरा. मी हाये का नाही हाये, तिकडे पाहूच नका."

आबांनी गोळ्या भरलेलं मॅगझीन खालून बसवलं. नळी बांधाच्या मातीकडे केली. बाजूचा खटका धरून दट्ट्या मागे ओढला. मग तो खटका बोटांत धरूनच, अंगठ्याने मागून आधार देत, हळूहळू पुढे नेला. अगदी शेवटपर्यंत. आवाज झाला नाही. मग बंदूक खांद्याला लावली आणि घोडा दाबला.

च्यक्.

"अडली," आबा म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान होतं. शेवटी एकदाची साक्षीदारासमोर अडली होती.

मिस्त्री जागचा हलला नाही. त्याने नळी मातीकडेच धरायला लावली, थोडा वेळ जाऊ दिला, मग बंदूक आपल्या हातात घेऊन गोळी काढली. आणि म्हणाला, "पुन्हा भरा."

आबांनी पुन्हा भरली. पुन्हा खटका मागे, पुन्हा हळूहळू पुढे.

"सोडा ना तो खटका!"

"सोडू?"

"मागं ओढा अन् सोडून द्या! तुमी त्याले हात धरून कायले घरी पोचवू राह्यले?"

"अरे, सोडला तं आपटन ना तो," आबा म्हणाले.

मिस्त्री मटकन बांधावर बसला. दोन्ही हातांनी त्याने डोकं धरलं. मग बसल्या जागीच त्याने जे सांगितलं ते मला समजलं ते असं. त्या दट्ट्यामागे स्प्रिंग आहे ती त्याने आपटावं म्हणूनच. तो दाणकन पुढे येतो तेव्हा गोळी आपल्या घरात पुरती बसते आणि नखी तिच्या कडेवरून उडी मारून तिला पकडते. हळू आणला तर दट्ट्या केसभर अलीकडे थांबतो. मग घोड्याचा निम्मा जोर गोळी आत ढकलण्यातच जातो, म्हणून तो नुसता ओरखडा. आणि नखीने कड पकडलेलीच नसते, त्यामुळे मागे ओढलं तरी गोळी आतच राहते. पहिली उडाली की पुढच्या गोळ्या बंदूक स्वतः भरते. ती काही केळीवाली नाही. ती आपटते.

"दुकानात मी भरत होतो," मिस्त्री म्हणाला. "चार बार दुकानात आले, चारी बार मीच भरली. मले काय मालूम, हा मानूस बंदूक अशी भरते! गोळ्या बदलल्या, घर साफ केलं, नखी घासली. रात रातभर मी सोच करू राह्यलो अन् इथी पाटील बंदुकीले थोपटून निजवू राह्यले!"

मजूर हसले. उखर्डूही हसला, मग आबांकडे बघून त्याने तोंड फिरवलं.

"मनगट मोडायच्या आधी कधीमधी चालत होती," मी विचारलं, "ते कसं?"

"तवा हातात चपळाई होती," मिस्त्री म्हणाला. "घाईत सुटत असन. आता हात अजून हयू झाला."

आबा बंदुकीकडे बघत होते. "बाबा म्हनायचे," ते सावकाश बोलले, "पहिली गोळी रानाची. नाही उडाली तं नाही उडाली. काढून ठेवायची, दुसरी भरायची." म्हणजे त्यांचे वडीलही असेच भरत असणार. दोन पिढ्या एक बंदूक अशी अडत आली आणि त्याचा यांनी रिवाज करून टाकला. मला हसावं की रडावं ते कळेना. मला राग आला होता, आणि तो कुणाचा ते नीट सांगताही येत नव्हतं. सगळ्या फेऱ्यांचा राग होता. मिस्त्रीचा होता, कारण तो मजुरांसमोर इतक्या मोठ्याने बोलत होता. आणि आबांचाही होता, कारण आता मला निलेशला काय सांगावं लागणार ते मला दिसत होतं.

मिस्त्रीने स्वतः एकदा भरून दाखवली. खटाक! आवाजासरशी आबांचे डोळे मिटले. मग मातीत सगळ्या गोळ्या सुरळीत गेल्या.

"बंदुकीत काहीच नाही," तो बंदूक परत देत म्हणाला. चिडचिड संपून तो आता थोडा नरमला होता. "पाटील, हप्ताभर खाली बंदुकीवर हात बसवा. गोळ्या काढून ठेवा अन् नुसतं ओढा, सोडा. ओढा, सोडा. येऊन जाईन."

तो आठवडा मी विसरणार नाही.

रोज सकाळी आबा ओसरीत बसायचे. गोळ्यांचा डबा माझ्या कपाटात कुलपात. मी आत पोळ्या करत असे आणि कान बाहेर. खटका मागे ओढल्याचा आवाज येई, कर्र. मग मी थांबे. पोळी तव्यावर फुगे, उलटायची राही, आणि बाहेरून काहीच येत नसे. मग पुन्हा कर्र. पुन्हा शांतता.

"आबा, सोडा!" मी आतून ओरडे.

"सोडतो ना."

"सोडत नाही तुम्ही! आवाज कुठे येतोय?"

"येईन, येईन."

बुधवारी मी पोळ्या सोडून बाहेरच गेले. त्यांच्यासमोर पाटावर बसले. म्हटलं, करा माझ्यासमोर. चौथीच्या पोराला पाढे म्हणायला लावावं तशीच मी बसले होते, आणि मला त्याची लाज वाटत होती तरी मी उठले नाही. त्यांनी खटका ओढला. बोटं उघडली. खरंच उघडली, मी पाहिलं. पण तळहात मागोमाग पुढे गेला आणि दट्ट्या त्याच्यावर टेकून सावकाश जागेवर बसला.

"हात काढा ना, आबा."

"काढला."

"नाही काढला!"

"मी काढतो, तो जाते," आबा म्हणाले. त्यांना घाम आला होता. "मी काय करू व माय? मी सोडतो, तो आपल्या मनानं जाते."

सासूबाई दारात उभ्या होत्या. "कायले म्हाताऱ्याचा जीव घेऊ राह्यली?" त्या म्हणाल्या. "साऱ्या जिंदगीत त्यायनं दार आपटलं नाही. आता तू शिकवते का?"

मी उठले आणि आत जाऊन करपलेली पोळी तव्यावरून काढली. तेव्हा पहिल्यांदा मला जाणवलं की आता बंदूक राहावी असं मलाच वाटतंय. त्या लोखंडाशी मला काही देणंघेणं नव्हतं. पण एखाद्या माणसाचं काम जाणार, आणि ते त्याच्या सगळ्यात चांगल्या सवयीपायी जाणार, हे मला सहन होत नव्हतं.

शुक्रवारी एकदाच आवाज आला. खटाक! मी आणि सासूबाई दोघी बाहेर धावलो. आबांच्या हातातून खटका सुटला होता. ते बंदूक उजेडाकडे वळवून, डोळ्यांजवळ धरून, दट्ट्या जिथे आपटला ती जागा अंगठ्याने चाचपून बघत होते. त्यांनी तिथे फुंकरही मारली.

"काही झालं नाही तिला," मी म्हणाले. "लोखंड आहे ते."

"हौ," ते म्हणाले. पण त्या दिवशी पुन्हा त्यांनी खटका ओढला नाही.

रविवारी दुपारी निलेशचा फोन आला. मी स्पीकरवर ठेवला नव्हता, पण ओसरी लहान आणि निलेशचा आवाज मोठा.

"मिस्त्री काय म्हणला? मुदत संपून राहिली. बंदुकीत निघालं का काही?"

आबा समोर खाटेवर बसले होते. हातात अडकित्ता, सुपारी तशीच.

"निघालं ना," मी म्हणाले. "नखी झिजली होती. ती बदलली त्याने." यात खोटं काही नव्हतं. "मग ते घर..."

"म्हणजे आता चालते बराबर? आबांच्या हातून चालते?"

चालते म्हणावं. रिन्यू करून घ्यावं. रोज दुपारी मी स्वतः ओसरीत... नाही, ते जमणार नव्हतं. भरलेली बंदूक घेऊन त्यांना बाहेर पाठवायचं? बांधावर गेल्याशिवाय भरायची नाही हा आबांचा नियम होता आणि तो बरोबरच होता. आणि बांधावर मी नसणार. तिथे तो हात असणार, आणि परत एखादं डुक्कर.

आबा उठले. माझ्यासमोर येऊन त्यांनी हात पुढे केला. मी फोन दिला.

"निलेश, आयक. बंदूक चांगली हाये. काही खराबी नाही तिच्यात. मिस्त्रीनं पाह्यली, मी पाह्यली." त्यांनी अडकित्ता मिटला. "खोट माह्या हातात हाये. जमा करून टाकू."

पलीकडून निलेश काहीतरी बोलला. त्याचा आवाज एकदम लहान झाला होता, त्यामुळे मला ऐकू आलं नाही.

"नाही रे," आबा म्हणाले. "शिकून पाह्यलं. कोनाले आपटू देलं नाही मी, आता मीच कसा आपटू? तू तार ओढून घे. फक्त करंट कमी ठेव. जनावर मरायले नको."

फोन मला परत देऊन त्यांनी सुपारी कातरायला घेतली.

मार्च संपायच्या आधीच्या सोमवारी मी शाळेतून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढली. सासूबाईंनी सकाळीच बंदूक जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्याने पुसून ठेवली होती. कुंकू लावलं नाही, मिस्त्रीच्या भीतीने. आबांनी धुतलेलं धोतर आणि पांढरी टोपी घातली. लग्नाला निघावं तसे ते तयार झाले होते.

ठाण्यात फार वेळ गेला नाही. टेबलामागे एक तरुण हवालदार होता, चष्म्याचा, बोलायला बरा. त्याने लायसन्स पाहिलं, बंदुकीवरचा नंबर मोठ्याने वाचून ताडून पाहिला.

"चालू है कि खराब?"

"चालू," आबा म्हणाले.

"बाबाजी, पुरानी है. खराब बोल दो, क्या फरक पडता है? अब तो जमा ही कर रहे हो."

"चालू हाये," आबा जरा मोठ्याने म्हणाले. शेजारच्या टेबलावरचे दोघे वळून बघायला लागले. "काहीच खराबी नाही तिच्यात. तुमी चालूच लिहा. नाही तं मी जमा करत नाही."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "चालू आहे. वामन मिस्त्रींना विचारा हवं तर." शब्द नको इतके चिडके निघाले. त्याने मुकाट्याने चालू लिहिलं.

मग ती रिकामी आहे ना हे बघायला त्याने बंदूक टेबलावर आडवी घेतली, नळी भिंतीकडे केली, मॅगझीनची जागा पाहिली. खटका धरून दट्ट्या पुरता मागे ओढला आणि वाकून आत डोकावला. आता तो सोडणार, एवढ्यात आबांचा हात टेबलावरून पुढे गेला. मोडून सांधलेलं मनगट, सुपारीने रंगलेली बोटं, आणि तळहात उघडा, दट्ट्याच्या अगदी जवळ.

हवालदार थांबला. त्याला काय चाललंय ते समजेना.

"हाथ हटाओ, बाबाजी," तो म्हणाला. "लग जाएगा."

आबांनी हात मागे घेतला.